दोन माद्यांची जोडी : डिचोलीतल्या एका डिस्कस टाकीचे प्रकरण

हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहे. नावे आणि गाव वगळले आहे. मी गोव्यात म्हापशाला राहतो आणि बरीच वर्षे डिस्कस, म्हणजे ताटलीसारखे चपटे, गोल शोभेचे मासे, पाळतो. या घरात मी सल्ला देणारा म्हणून जात होतो. पुढे आलेल्या चुकांपैकी एक माझी आहे, तीही जागच्या जागी सांगितली आहे.

पार्श्वभूमी

डिचोली तालुक्यातले चिऱ्याचे जुने घर. घरात निवृत्त प्राथमिक शिक्षक, ज्यांना अख्खा वाडा मास्तर म्हणतो, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा कामानिमित्त बाहेरच जास्त. मासे मास्तरांनी आणले, पण रोजचे पाणी, खाणे आणि नोंदवही हे सगळे सुनेच्या हातात. मी त्यांना वहिनी म्हणतो.

मागच्या अंगाला भाताची कणगी ठेवायची एक खोली होती. तिला एकच लहान खिडकी, भिंती जाड, त्यामुळे तापमान फार वरखाली होत नाही. डिस्कससाठी याहून चांगली जागा नवीन फ्लॅटमध्ये मिळत नाही. खिडकीला मच्छरदाणीची जाळी लावली आणि डास मारायचे यंत्र त्या खोलीतून कायमचे हलवले, कारण त्यातले औषध माशांना विष असते. खोलीत चार फुटांची एक टाकी आणि अठरा इंची चौकोनी एक टाकी, म्हणजे साधारण 95 लिटरची.

गुढीपाडव्याला आठ पिल्ले आणली, अडीच-अडीच इंचांची, एक नग 900 रुपये. चार निळी टर्क्वाइज, चार फिक्या अंगाची पिजन ब्लड, या डिस्कसच्याच रंगजाती. तयार जोडी विकत घ्यायची की पिल्ले वाढवायची, हा पहिला निर्णय होता. तयार जोडी महाग, आणि ‘सिद्ध जोडी’ हे विकणाऱ्याच्या शब्दावर मानावे लागते. त्यामुळे पिल्ले घेतली. तो निर्णय मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो.

डिस्कसच्या खाद्यात बहुतेक लोक गुराच्या हृदयाचा खिमा वापरतात. या घरात तो येणार नव्हता. वहिनींनी सोललेली सुंगटे (कोळंबी), पालक आणि स्पिरुलिना (शेवाळाची पूड) एकत्र वाटून, पातळ थापून, बर्फाच्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली. मासे त्यावर उत्तम वाढले.

अकराव्या महिन्यात एक निळा आणि एक पिजन वेगळे वागू लागले. दोघे मिळून एक कोपरा राखायचे, बाकीच्यांना हाकलायचे, एकमेकांसमोर मान तुकवल्यासारखी वाकायचे. ही जोडी म्हणून दोघांना चौकोनी टाकीत हलवले. तळाला वाळू नाही, एक स्पंज फिल्टर, एक हीटर, पाणी 29 ते 30 अंश. अंडी घालायला कोन हवा होता, तो डिचोलीच्याच कुंभाराकडून भाजलेल्या मातीचा, रंग किंवा चकाकी नसलेला, करून घेतला. बाजारातल्या कोनापेक्षा तो चांगला निघाला. पृष्ठभाग थोडा खरबरीत, अंडी घट्ट चिकटतात.

अडचण

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात चार वेळा अंडी पडली. चारही वेळा तेच झाले. पहिल्या दिवशी मोहरीएवढी, मधाच्या रंगाची अंडी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळी पांढरी. तिसऱ्या दिवशी त्यावर कापसासारखी बुरशी, आणि मग मासे ती खाऊन टाकत.

नोंदवहीत वहिनींनी एक गोष्ट प्रत्येक वेळी लिहून ठेवली होती, जिच्याकडे आम्ही तिघांनीही लक्ष दिले नाही. अंड्यांचा अंदाज : पहिल्या वेळी 350, नंतर 380, 340, 400. पहिलटकर डिस्कससाठी हा आकडा मोठा आहे. मास्तरांना त्याचा आनंदच झाला. मीही फोनवर म्हणालो, “मासे छान पोसलेत.” तिथेच थांबून विचारायला हवे होते की एवढी अंडी कशी.

समोर असलेले पर्याय

अंडी पांढरी पडतात म्हणजे बहुतेक वेळा ती फळलेली नसतात. त्याची कारणे मोजकी. पाणी कठीण असेल तर फलन नीट होत नाही. नर कोवळा असेल, किंवा रंग लवकर चढावा म्हणून लहानपणी संप्रेरके दिलेला असेल, तर तो नापीक राहू शकतो. नर नर नसेलच, हीही शक्यता असते. आणि फळलेली अंडीही पाण्यात बुरशीचा जोर असेल तर जातात.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. एक, पाणी मऊ करणे. दोन, अंड्यांवर मेथिलिन ब्लू हे बुरशीवरचे औषध वापरणे. तीन, जोडी मोडून मासे पुन्हा तपासणे.

तिसऱ्या वाटेला कोणाचे मन तयार नव्हते. वर्षभर सांभाळून जमलेली जोडी कोण मोडणार? मी मेथिलिन ब्लू सुचवले. ही माझी चूक. अंडी फळलेलीच नसतील तर औषध काहीही करू शकत नाही. उलट ते स्पंजमधल्या, पाण्यातली घाण पचवणाऱ्या उपयोगी जिवाणूंना मारते, आणि पुढे याचीच किंमत मोजावी लागली.

पहिली वाट मास्तरांनी निवडली. ज्याला विचारावे तो सांगे, डिस्कसला आरओचे, म्हणजे यंत्राने क्षार काढलेले पाणी लागते. सल्ला चुकीचा नाही. अमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा मऊ, आम्लयुक्त पाण्यात घडला आहे आणि घाटावरच्या बोअरवेलचे कठीण पाणी वापरणाऱ्याला आरओशिवाय गत्यंतर नसते. पण हे घर घाटावरचे नव्हते. परसात जांभ्यात खोदलेली विहीर होती. जांभ्यातून पावसाने हजारो वर्षे चुना धुऊन नेलेला असतो, त्यामुळे अशा विहिरीचे पाणी मुळातच मऊ. मे महिन्यात या विहिरीचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे माप, 62 होता आणि जुलैत, भर पावसात, 28. हे आकडे आम्हांला नंतर कळले. काही शे रुपयांचा मीटर आधी घेतला असता तर 8,500 रुपयांचे यंत्र घ्यावेच लागले नसते.

जुलैमधली रात्र

जूनमध्ये आरओ बसले. चौकोनी टाकीत हळूहळू सगळे पाणी आरओचे झाले, टीडीएस 6. अशा पाण्यात आम्लता सावरून धरणारे कार्बोनेट जवळजवळ नसतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून आम्ल तयार होत राहते, आणि सावरणारे काही नसल्यामुळे सामू (पीएच) घसरत जातो. घसरला की अमोनिया पचवणारे जिवाणू मंदावतात. ते आधीच मेथिलिन ब्लूने निम्मे झाले होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास वहिनींचा फोन आला. बाहेर धो धो पाऊस, वीज जाऊन येऊन. दोन्ही मासे काळे पडून कोपऱ्यात एकमेकांना टेकले होते, कल्ले भराभर हलत होते. सामू पाहायला सांगितले तर पट्टीचा रंग सगळ्यात खालच्या खुणेवर, म्हणजे साडेचारच्या आसपास. अमोनियाची चाचणी गडद हिरवी.

मास्तर मागून बोललेले ऐकू आले, “नळाचे पाणी भर, अर्धी टाकी बदलून टाक.” कोणीही हेच केले असते. पण या प्रकरणातला सर्वांत नाजूक क्षण हाच होता. कमी सामूत अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि तो माशाला फारसा लागत नाही. त्या गावच्या नळाच्या पाण्याचा सामू साडेसातच्या वर होता. असे पाणी एकदम ओतले की टाकीचा सामू उसळी घेतो, तोच अमोनियम विषारी अमोनियात बदलतो, आणि मासे तासाभरात जाऊ शकतात. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन.

मी वहिनींना विहिरीचे पाणी वापरायला सांगितले. पिंपात आदल्या दिवशीचे 200 लिटर पाणी होते, रात्रभर हवा सोडलेले. विहिरीतून ताजे काढलेले पाणी साडेपाच-पावणेसहाच्या सामूचे लागते, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. रात्रभर हवा सोडली की ते सहाच्या थोडे वर येते. म्हणजे अमोनिया पातळ होईल पण विषारी होणार नाही. तांब्याने ओतत दर अर्ध्या तासाला दहा लिटर बदलायचे ठरले. पिंपातले पाणी गार होते म्हणून प्रत्येक कळशीत थोडे ऊन पाणी मिसळून, हाताला कोमट लागेल असे करून, थर्मामीटर लावून ओतले. वीज गेली की मास्तर बॅटरीवरचा हवेचा पंप धरून उभे राहत. रात्री दोनपर्यंत त्यांनी साठ लिटर बदलले. पहाटे निळ्याचे पट्टे फिके झाले आणि तो कोपरा सोडून बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, कवट्या उकळून, वाळवून, जाडसर कुटल्या आणि मूठभर तुकडे जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ टांगल्या. पाणी आम्लाकडे झुकले की शिंपली थोडी विरघळते, सावरले की थांबते. पुढच्या आठवडाभरात सामू 6.2 ते 6.4 वर स्थिर झाला, टीडीएस 70 च्या आत राहिला. आरओ बंद केले. मोठ्या टाकीतला जुना स्पंज या टाकीत आणला, कारण जिवाणू नव्याने वाढायला तीन-चार आठवडे गेले असते.

“बाबा, नर अंडी घालतोय”

ऑगस्टच्या सुरुवातीला पाचव्यांदा अंडी पडायची लक्षणे दिसली. आता पाणी निर्विवाद चांगले होते. यावेळी मी एकच गोष्ट मागितली : अंडी पडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणीतरी बघा.

वहिनींनी संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला आणि टाकीसमोर स्टूल टाकून बसल्या. मोबाईल डाळीच्या बरणीला टेकवून चित्रण सुरू केले. ते मी अनेकदा पाहिले आहे. पिजन कोनाच्या पायथ्यापासून वर सरकत जातो, पोट कोनाला घासत, आणि त्याच्यामागे आठ-दहा अंड्यांची ओळ उमटते. मग निळा तसाच वर जातो. नराने या वेळी अंड्यांवरून फक्त फिरायचे असते. निळा वर पोहोचतो आणि त्याच्यामागेही आठ-दहा अंडी. चित्रणात वहिनींचा आवाज आहे : “बाबा, नर अंडी घालतोय.” मग बराच वेळ काही बोलणे नाही, फक्त पंपाचा आवाज.

दोन्ही माद्या होत्या. डिस्कसमध्ये हे होते. नर मिळाला नाही की दोन माद्या जोडी जमवतात, कोन घासतात, आळीपाळीने अंडी घालतात, पंखांनी वारा घालतात. चारशे अंडी का होती, तेही त्याच संध्याकाळी उलगडले. चित्रण थांबवून पाहिले तर दोघींच्या पोटाखालची नळी रुंद आणि टोकाला बोथट. नराची नळी बारीक आणि टोकदार असते. अंडी पडण्याच्या आसपासच ती नीट दिसते. म्हणजे फेब्रुवारीपासून पाच वेळा ती आमच्यासमोर होती.

नवी जोडी

नर बाहेरून आणावा का, यावर चर्चा झाली. बाहेरचा मासा म्हणजे किमान महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवणे, आणि तरीही रोग आत यायची भीती. मोठ्या टाकीत बाकीचे मासे होतेच. दोघींनाही परत तिथे सोडले आणि निसर्गाला वेळ दिला. महिन्याभरात पिजन मादीने दुसऱ्या एका निळ्याशी जोडी जमवली. यावेळी दोघांना हलवण्याआधी मोठ्या टाकीतच एक घालणी, म्हणजे अंडी घालताना, पाहिली, नळ्या पाहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी अंड्यांत काळा ठिपका दिसतो का ते पाहिले. दिसला.

चौकोनी टाकीतली पहिली अंडी नेमकी चवथीच्या आदल्या दिवशी पडली. घर पाहुण्यांनी भरले. मुले टाकीला नाक लावून उभी, कोणी मोबाईलचा दिवा मारतो, आरती, घुमटाचा आवाज. दुसऱ्या रात्री जोडीने सगळी अंडी खाल्ली. मास्तरांना वाईट वाटले, पण पाहुण्यांना कसे अडवणार. त्यानंतर त्या खोलीला कडी लागली.

नवरात्रात पुन्हा अंडी पडली, सुमारे 140. साठ तासांनंतर कोनावर शेपट्या वळवळू लागल्या. आई-बाप पिल्लांना तोंडात धरून कोनावर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन चिकटवत होते. आणखी अडीच दिवसांनी पिल्ले सुटी होऊन पोहायला लागली, साधारण 110.

इथून पुढे डिस्कस इतर माशांपेक्षा वेगळा पडतो. पिल्लांचे पहिले अन्न आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव. ती अंगाला लागली नाहीत तर दोन-तीन दिवसांत उपाशी मरतात. आणि पिल्ले जोडीकडे न जाता काळ्या स्पंजवर जाऊन बसली. स्पंजला पिल्लांची झालर लागली होती.

कारण रंगात होते. पिल्ले गडद आकाराकडे ओढली जातात. साधा डिस्कस पिल्ले वाढवताना अंग गडद करतो आणि त्यांना तो सापडतो. पिजन ब्लडला हे जमत नाही, त्याचे अंग फिकेच राहते. टाकीत सर्वांत गडद वस्तू स्पंज होता, मग काळा हीटर, मग बाप.

वहिनींनी दोन्ही गडद वस्तू काढल्या. हीटर काढणे शक्य झाले कारण ऑक्टोबरचे ऊन होते आणि खोली तीस अंशांवर होती. टाकीच्या तीन बाजूंना पांढरा कागद लावला, पाणी नऊ इंचांपर्यंत उतरवले, हवेचा एकच लहान दगड ठेवला. फिल्टर नसल्यामुळे दिवसातून दोनदा पाचवा हिस्सा पाणी बदलायचे. रात्री कोपऱ्यात मंद दिवा, म्हणजे अंधारात बाप हरवणार नाही. संध्याकाळपर्यंत निळ्याच्या दोन्ही अंगांवर पिल्ले लागली होती. डोळ्यांत पाणी यावे असे ते दृश्य असते, आणि वहिनींच्या आले.

मादीला ठेवावे की काढावे यावर माझे आणि त्यांचे मत वेगळे होते. मी ठेवा म्हणत होतो, दोघे असले की एकावर भार पडत नाही. वहिनींनी एक दिवस पाहिले. मादी पिल्लांचा ताबा मिळवायला नराला धडका देत होती आणि त्या धांदलीत पिल्ले सुटत होती. त्यांनी तिला काढले. त्यांचे बरोबर होते.

परिणाम

पाचव्या दिवसापासून खायला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव. त्यांची अंडी मीठ-पाण्याच्या बाटलीत चोवीस तासांत फुटतात; रोज दोन बाटल्या आलटून पालटून लावायच्या, म्हणजे खंड पडत नाही. तीन आठवड्यांनी बापाला वेगळे केले, तेव्हा 64 पिल्ले होती. तीन महिन्यांनी 52. त्यांतल्या सातांचे कल्ल्याचे झाकण आखूड होते, ती विकली नाहीत. 30 पिल्ले प्रत्येकी 700 रुपयांनी गेली. बाकीची घरात आहेत. आरओ, वीज, खाणे, औषधे धरली तर हिशेब अजून तोट्यातच आहे, आणि मास्तरांनी तो वहीत तसाच लिहिला आहे.

आज पुन्हा करायचे तर

पाण्याचा मीटर माशांच्या आधी घ्यायचा, आणि विहिरीचे पाणी मे आणि जुलै अशा दोन्ही टोकांना मोजायचे. गोव्यातल्या जांभ्याच्या भागात आरओचा विचार त्यानंतर. किनाऱ्याजवळच्या विहिरींची गोष्ट वेगळी, तिथे उन्हाळ्यात खारेपणा शिरतो.

पहिली अंडी पांढरी पडली तेव्हाच घालणी पाहायला हवी होती. तो पर्याय फुकट होता, फक्त एक संध्याकाळ लागली असती. आम्ही तो सहा महिने लांबवला, कारण उत्तर नको होते. मेथिलिन ब्लू आणि आरओ एकापाठोपाठ एक आले, त्यामुळे टाकी कशाने कोसळली हेही नंतर उलगडत बसावे लागले. एका वेळी एकच बदल केला असता तर जुलैची ती रात्र बहुधा आली नसती.

पिजन मादीला गडद नर जोडला गेला हा निव्वळ योग होता. दोन्ही पिजन असते तर नुसता स्पंज काढून भागले नसते, दुसऱ्या एखाद्या गडद जोडीवर पिल्ले लावावी लागली असती, आणि तशी जोडी घरात नव्हती. पुढच्या वेळी जोडी ठरवताना हे आधी पाहायचे.

पहिल्या जोडीतली निळी मादी अजून मोठ्या टाकीत आहे. उरलेल्या पिल्लांत तिच्यासाठी नर वाढतोय का, ते पाडव्यानंतर कळेल. वहिनींनी वहीत प्रत्येक माशासाठी एक पान राखले आहे. पहिल्या घालणीत नळीचे चित्र त्या पानावर काढल्याशिवाय कोणत्याही माशाला नर किंवा मादी म्हणायचे नाही, असे त्यांनी मास्तरांना सांगितले आहे, आणि मलाही.